दगडीचं औषध गाईला, गॅस बसला आमचा

गोठेवाला | ४ जानेवारी, सकाळी ६:५०

मंडळी, गोबरगॅसवरचे इथले जुने धागे वाचून काढले. माझं दुखणं त्यात सापडलं नाही म्हणून नवा काढतोय.

गाव वाळवा तालुक्यात. गोठ्यात पाच एचएफ गाई, एक म्हैस, दोन कालवडी. चार घनमीटरचं दीनबंधू संयंत्र, बांधून अकरा वर्षं झाली. रोज साधारण शंभर किलो शेण आणि तेवढंच पाणी कालवून सोडतो. दोन वेळचा स्वयंपाक, चहा आणि आंघोळीच्या पाण्याची एक खेप एवढं आरामात निघतं. हिवाळ्यात गॅस थोडा मंदावतो, ते दरवर्षीचंच.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन गाईंना एकदमच दगडी झाली. कास दगडासारखी, धारेला चोथा. डॉक्टरांनी पाच दिवस इंजेक्शनं दिली आणि सडात नळ्या सोडल्या. गाई बऱ्या झाल्या. पण सहाव्या-सातव्या दिवसापासून शेगडीची ज्योत पिवळी पडायला लागली, आणि दहाव्या दिवशी तर काडी लावली की फुस्स होऊन विझायला लागली. गॅस आहे, घुमटात दाब आहे, पण जळत नाही. एरवी आउटलेटच्या स्लरीला वास असा नसतोच. आता तिथं उभं राहवत नाही, आंबलेल्या ताकात खवट लोणी कालवल्यासारखा वास येतो.

शेजारचे म्हणतात, औषधानं गॅसचे जंतू मेले, आता सगळं उपसून नवं भरा. आठ हजार लिटर उपसायचं म्हणजे चेष्टा नाही. खरंच असं होतं का?

---

थंड_चहा | सकाळी ८:१५

थंडी हो थंडी. आमच्याकडे विदर्भात तर जानेवारीत संयंत्रावर गोणपाट आणि कडबा पांघरतात. (धाग्याचं नाव भारी आहे.)

---

डॉ. शेपटी | सकाळी ९:४०

पशुवैद्य आहे, म्हणून आधी औषधाची बाजू घेतो. सडात सोडलेल्या नळीतलं औषध बहुतेक दुधावाटेच बाहेर पडतं, शेणात फार येत नाही. इंजेक्शनचं वेगळं, ते मुतातून आणि शेणातून येतं. पण पाचपैकी दोन गाई, पाच दिवस, आणि खाली आठ हजार लिटरचा हौद. एवढ्यानं संयंत्र बसायला नको. आधी तीन गोष्टी सांगा: कागदावर औषधाचं नाव काय आहे? त्या दिवसांत गोठा फिनेलनं धुतला का? पेंड किंवा वैरण बदलली का?

---

गोठेवाला | दुपारी १:०५

डॉक्टर, कागद समोर आहे. इंजेक्शन एन्रोफ्लॉक्सासिन. नळीत ॲम्पिसिलिन आणि क्लॉक्सासिलिन. फिनेल वापरतो, पण धुतलेलं पाणी वेगळ्या गटारीनं उसात जातं. पेंड तीच, वैरण तीच.

थंड_चहा, थंडी अकराही वर्षं होती हो. ज्योत विझली नव्हती कधी.

---

गाळमहर्षी | दुपारी २:३०

बल्क ड्रगच्या (औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यांच्या) ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रावर, सतरा वर्षं काढली, सगळी तारापूर पट्ट्यात. नावं घेणार नाही. आमचं पाणी वेगळं, तुमचं शेण वेगळं, पण रिॲक्टर बसतो तो एकाच तऱ्हेनं.

गॅस आहे पण जळत नाही, याचा अर्थ कार्बन डायऑक्साइड वाढला आणि मिथेन घटला. वास आंबट, याचा अर्थ आम्ल साठलं. म्हणजे जंतू "मेले" असं नाही, अर्धे जोरात काम करताहेत आणि अर्धे थांबलेत. सगळेच मेले असते तर गॅसही नसता आणि वासही नसता, नुसतं शेण राहिलं असतं.

मेडिकलमधून किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतून पीएचची पट्टी आणा. आउटलेटच्या वरचं नको, काठी खाली घालून ढवळून मग घ्या. ७ च्या आसपास असेल तर मी खोटा. ६.५ च्या खाली असेल तर आजच्या आज शेण सोडणं बंद करा. आम्ही आम्ल आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलायची ताकद) यांचं गुणोत्तर रोज काढतो. ०.३ च्या आत असलं की रात्री झोप लागते, ०.५ च्या वर गेलं की फीड बंद. घरी ते जमणार नाही, पट्टीवर भागवा.

---

गोठेवाला | संध्याकाळी ६:२०

पट्टी ६ आणि ६.५ च्या मधला रंग दाखवते. शेण सोडणं बंद केलंय. आता ते शेण टाकायचं कुठं हा नवा प्रश्न.

---

सूक्ष्मा | रात्री ११:४८

उशिरा वाचतेय, नेदरलँड्समध्ये असते. इथल्या वाखेनिंगन विद्यापीठात या विषयावर काम केलंय, म्हणून थोडं लांबण लावते. गाळमहर्षींचं निदान अचूक आहे, त्याच्या आतलं सांगते.

संयंत्रात एका जातीचे जंतू नसतात, एकामागून एक पंगती बसतात. पहिली पंगत सेल्युलोज, प्रथिनं, चरबी फोडते. दुसरी त्यातून आम्लं करते: अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. तिसरी पंगत प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिकचं अ‍ॅसेटिक आणि हायड्रोजन करते. चौथी त्यातून मिथेन बनवते, साधारण ७० टक्के अ‍ॅसेटिकपासून, बाकी हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून.

लोकांना वाटतं, औषधानं चौथी पंगत मरते. गंमत अशी की मिथेन बनवणारे हे जीव बॅक्टेरिया नाहीतच. १९७७ साली कार्ल वूझ यांनी त्यांना वेगळ्या घराण्यात काढलं, आज त्यांना आर्किया म्हणतात. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं बॅक्टेरियाच्या भिंतीतलं पेप्टिडोग्लायकन बांधू देत नाहीत. आर्कियाच्या भिंतीत ते नसतंच, मग औषध मारणार कुठे? प्रयोगशाळेत मिथेनवाले वेगळे काढायचे असतील तर आम्ही मुद्दाम पेनिसिलिन किंवा व्हॅन्कोमायसिन घालतो, इतर मरावेत म्हणून. सगळ्या औषधांना हे लागू नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आर्कियालाही दाबतं.

मग मार बसतो कुणाला? बऱ्याचदा तिसऱ्या पंगतीला. ते बॅक्टेरियाच आहेत, वाढतात अगदी हळू, आणि प्रोपिऑनिक फोडून त्यांना मिळणारी ऊर्जा इतकी तुटपुंजी की आजूबाजूला हायड्रोजन जरा साठला तरी त्यांचा व्यवहार तोट्यात जातो. हायड्रोजन खाऊन टाकायला चौथी पंगत शेजारी लागते. तिसरी थांबली की प्रोपिऑनिक साठतं, पीएच उतरतो, आणि कमी पीएचमध्ये औषधाला न बधणारे मिथेनवालेही गप्प बसतात. औषध एकाला लागतं आणि उपाशी दुसराच मरतो.

---

थंड_चहा | ५ जानेवारी, सकाळी ७:३०

म्हणजे पंगतीत खरकटी उचलणारा आजारी पडला आणि आचाऱ्याला घरी पाठवलं. समजलं. थंडीचा मुद्दा मागे घेतो.

---

डॉ. शेपटी | सकाळी १०:१०

सूक्ष्माताई, पटलं. पण माझी शंका प्रमाणाची आहे. हिशेब करू. एन्रोफ्लॉक्सासिनचा डोस किलोला ५ मिलिग्रॅम धरला, गाय ४५० किलोची, तर दिवसाला सव्वादोन ग्रॅम. दोन गाई, पाच दिवस: साडेबावीस ग्रॅम. सगळंच्या सगळं संयंत्रात गेलं असं धरलं, जे होत नाही, तरी आठ हजार लिटरमध्ये लिटरला २.८ मिलिग्रॅम. त्यातलं बरंच शेणाच्या चोथ्याला चिकटून बसणार. त्रास होईल, पण दहा दिवसांत ज्योत विझावी असा नाही.

म्हणून गोठेवाल्यांना एक विचारतो, राग मानू नका. औषध चालू असताना आणि नंतरचे काही दिवस दूध डेअरीला घालायचं नसतं. ते तुम्ही पाळलंत का, आणि ते दूध ओतलंत कुठे?

---

गोठेवाला | दुपारी १२:४०

डॉक्टर, पाळलं. डेअरीला एक थेंब घातला नाही, दहा दिवस.

दूध संयंत्रात ओतलं.

दोघींचं मिळून वीस लिटर रोज. फेकवत नव्हतं. शेणाबरोबर तेही कुजून गॅस होईल असं वाटलं. पहिले दोन-तीन दिवस गॅस वाढलाही होता, आता आठवतंय. घुमटाचा दाब इतका की पाइपातून आवाज यायचा.

आणखी एक. पाचव्या दिवशी आमच्या मंडळींनी त्यातलं तांब्याभर दूध तापवून विरजण लावलं, मला न सांगता. दही लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधासारखं दूध. थंडीनं असेल म्हणून तेही संयंत्रातच गेलं.

---

डॉ. शेपटी | दुपारी १२:५५

सापडलं!

वहिनींनी घरच्या घरी चाचणीच केली की. डेअरीत औषधाचे अंश तपासायच्या काही चाचण्या याच तत्त्वावर चालतात: दुधात जंतू सोडायचे, ते वाढले नाहीत तर दुधात काहीतरी आहे. पेनिसिलिनच्या कुळाला विरजणाचे जंतू फार नाजूक. पण उलट धरू नका, दही लागलं म्हणजे दूध स्वच्छ असा अर्थ नाही. क्विनोलोनला (तुमचं एन्रोफ्लॉक्सासिन त्याच कुळातलं) ते तितके दबत नाहीत.

आणि कृपा करून ते दूध वासरांनाही पाजू नका. बरेच जण पाजतात.

---

गाळमहर्षी | दुपारी ३:१५

वीस लिटर दूध! आता माझा हिशेब ऐका.

दुधाचा सीओडी (त्यातलं सगळं सेंद्रिय जाळायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे जंतूंपुढच्या खाण्याचं माप) लिटरला दोनशे ग्रॅमच्या आसपास. वीस लिटरचे चार किलो. एक किलो सीओडीपासून ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो, म्हणजे कागदावर १.४ घनमीटर. तुमचं चार घनमीटरचं संयंत्र पूर्ण भरात रोज २.२ घनमीटरच्या आसपास मिथेन देत असेल. म्हणजे एका बादलीनं तुम्ही वरून निम्म्याहून जास्त बोजा टाकला. आणि शेणातला चोथा चाळीस दिवस हळूहळू फुटतो, दुधातली साखर काही तासांत आम्ल होते. तिसऱ्या पंगतीपुढे अचानक तीनशे पानं वाढली, आणि त्याच बादलीत नळ्यांमधलं औषधही. उपाशी आचारी, आजारी वाढपी आणि वऱ्हाड दुप्पट.

माझं स्पष्ट मत, तुमचं संयंत्र दुधानं बसलं. औषध फार तर साथीदार.

आमच्याकडची एक रात्र सांगतो, म्हणजे कळेल मी दुधाला का धरतोय. सेफॅलोस्पोरिनच्या (पेनिसिलिनच्या भावकीतलं औषध) लाइनचं धुण्याचं पाणी आधी वेगळ्या टाकीत घेऊन चुन्यानं पीएच चढवायचा नियम होता. अल्कलीत औषधाच्या रेणूतलं बीटा-लॅक्टम नावाचं कडं उघडतं, औषध निकामी होतं, मग ते अ‍ॅनारोबिकला, म्हणजे हवेशिवायच्या टाकीला. एका रात्री टाकी भरली होती म्हणून पाळीवाल्यानं पाणी थेट सोडलं. सकाळी गॅस मीटर नेहमीचाच. आम्ही खूश. चौथ्या दिवशी त्या टाकीतले (यूएएसबी म्हणतात तिला, जंतू दाणे बांधून राहतात) काळे मण्यांसारखे दाणे फुटून पाण्याबरोबर वाहायला लागले, वरचं पाणी शाईसारखं. दाणे बांधून ठेवणारे बॅक्टेरिया गेले की दाणा राहत नाही. ते परत बांधायला पाच महिने लागले. औषधाचा मार असा उशिरा आणि खोल असतो. तुमचा मार झटपट आणि आंबट आहे.

---

सूक्ष्मा | रात्री १०:३०

गाळमहर्षी, बोजा दुधाचा हे शंभर टक्के मान्य. पण औषध नुसतं साथीदार, हे इतक्यात नका म्हणू.

तुमचं ॲम्पिसिलिन शेणात फार दिवस टिकणार नाही, ते फोडणारी एन्झाइम्स तिथे भरपूर. सल्फा आणि ट्रायमेथोप्रिमही हवेशिवायच्या गाळात बऱ्यापैकी फुटतात. टेट्रासायक्लिन कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून गाळात बसतं. पण एन्रोफ्लॉक्सासिनचं गाईच्या अंगातच थोडं सिप्रोफ्लॉक्सासिन होतं, आणि ही दोन्ही हवेशिवाय जवळजवळ फुटतच नाहीत. चोथ्याला चिकटून राहतात आणि स्लरीबरोबर बाहेर पडतात.

तपासायला सोपा मार्ग आहे. नुसत्या दुधाचा बोजा असेल तर फीड थांबवल्यावर आठ-दहा दिवसांत पीएच वर यायला लागेल. औषध खोल गेलं असेल तर रेंगाळेल.

---

देहूकर | ६ जानेवारी, सकाळी ९:००

आमच्या गावात डॉ. सुहास मापुसकरांनी संडास जोडलेली गॅस संयंत्रं घराघरांत रुजवली. (२०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली, अनेकांना माहीत नाही.) आमच्याही घरी आहे. घरात दोघांना टायफॉइड झाला, चौदा दिवस गोळ्या, गॅसला काही झालं नाही. पण माणसाचा डोस आणि गाईचा डोस, फरक आहेच.

---

हैदराबादी_मराठी | सकाळी ११:२५

डॉक्टरांनी काढलेला २.८ चा आकडा वाचून थबकलो. मी हैदराबादच्या बाजूला पाटणचेरूजवळ राहायचो. २००७ साली स्वीडिश संशोधकांनी तिथल्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून *बाहेर पडणाऱ्या* पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन मोजलं, लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत. सुमारे नव्वद औषध कारखान्यांचं पाणी तिथे यायचं. औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तातही एवढं नसतं. गोठेवाल्यांच्या हौदात सगळं मिसळूनही त्याचा दहावा हिस्सा भरतो, आणि हे तर प्रक्रिया झालेलं पाणी!

२०२० च्या जानेवारीत केंद्रानं मसुदा काढला होता, १२१ औषधांना सांडपाण्यातली मर्यादा घालणारा. २०२१ ला अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा गायब. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ ला मार्गदर्शक तत्त्वं दिली, ती ऐच्छिक. गाळमहर्षी, तुमच्याकडे कुणी औषधाचा अंश तपासायला आलं का कधी?

---

गाळमहर्षी | सकाळी ११:५०

सीओडी, बीओडी, टीडीएस, पीएच तपासायला येतात. औषधाचा अंश सतरा वर्षांत कुणी विचारला नाही. दुखरी नस दाबलीत.

---

गोठेवाला | १६ जानेवारी, सकाळी ७:१०

खबर देतो. बारा दिवस शेण बंद. पीएच ६.३ वरून ६.६. सूक्ष्माताई, रेंगाळतंय म्हणायचं का?

काल धाकट्या काकांच्या चालू संयंत्रातून दहा बादल्या स्लरी आणून ओतली. काकूंनी ओतताना विचारलं, "दह्याला लागत नाही ते विरजण शेणाला लागतंय व्हय?" शेजाऱ्यांनी चुना टाका म्हणून सांगितलं होतं, गाळमहर्षींना फोन करून विचारलं. ते म्हणाले फक्कीचा डबा उपडा करायचा नाही, वरची निवळी घ्यायची, तीही थोडी थोडी, दोन दिवसांनी पट्टी बघत. तसं करतोय.

---

सूक्ष्मा | १६ जानेवारी, रात्री ९:१५

रेंगाळतंय. म्हणजे आम्ही दोघेही थोडे थोडे बरोबर. विरजण उत्तम केलंत. तिसऱ्या पंगतीचे जंतू स्वतः वाढायची वाट पाहण्यापेक्षा तयार आणलेले बरे. आता पंचवीस किलो शेणापासून सुरू करा. औषध दिलेल्या गाईंचं शेण-मूत मात्र वेगळं.

---

गोठेवाला | १२ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

निळी ज्योत! पीएच ६.९, वास गेला. पूर्ण शेण आजपासून. सगळ्यांचे आभार. उपसावं लागलं नाही हे सगळ्यात मोठं.

आता शंका. महिनाभराची स्लरी बाजूच्या खड्ड्यात साठलीय. उसाला सोडू का?

---

सूक्ष्मा | १२ फेब्रुवारी, दुपारी ४:००

गॅस आला याचा आनंद आहेच, पण थोडं विरजण मीही घालते. औषधानंतर संयंत्र सावरतं तेव्हा काही जुने जंतू परत येतात आणि काही नवे बसतात. जे टिकले त्यांच्यात औषधाला दाद न देणारी जनुकं असलेले जास्त निघण्याची शक्यता असते. ही जनुकं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात, जातपात न बघता. शेणात ती आधीपासून थोडी असतातच, हेही खरं. पंचावन्न अंशांवर चालणाऱ्या संयंत्रात त्यातली काही कमी होतात. आपली संयंत्रं जमिनीच्या उबेवर चालतात, तिथे ती अपेक्षा नको.

स्लरी थेट सोडू नका. पाचट, कोरडं शेण घालून ढीग लावा, आतून हात भाजेल इतका तापू द्या, दोनदा पलटा. टेट्रासायक्लिन असतं तर त्यात बरंच गेलं असतं. क्विनोलोन चिवट आहे, पण जंतू तरी कमी होतील. भाजीपाल्याला नको, उसालाच घाला.

---

डॉ. शेपटी | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:३०

माझ्या धंद्याची चूकही कबूल करतो. कागदावर आम्ही "दूध इतके दिवस बंद" लिहितो. शेण किती दिवस बंद, हे मी आजवर एकाही कागदावर लिहिलेलं नाही. दगडीला दर वेळी क्विनोलोन लागतंच असंही नाही. दूध तपासायला पाठवून मग औषध ठरवावं हे शिकवलेलं असतं, पण रात्री दहाला गोठ्यात उभं असताना पिशवीत असेल ते दिलं जातं. २०१९ ला कोलिस्टिनवर जनावरांसाठी बंदी आली तेव्हा निदान एक तरी दार लागलं.

---

गोठेवाला | २ मार्च, सकाळी ७:२५

धागा वर काढतोय, छोटं काम आहे. कासेगावच्या मेहुण्यांनी नवं संयंत्र बांधलंय. सुरू करायला ते माझ्याकडनं स्लरी न्यायला येताहेत, रविवारी ट्रॅक्टर घेऊन. देऊ का?

---

सूक्ष्मा | २ मार्च, दुपारी १:१०

तुमच्या संयंत्राला अजून चाळीस-पन्नास दिवस जाऊ द्या. यंदा काकांच्याकडून न्यायला सांगा.

---

गोठेवाला | २ मार्च, दुपारी १:३०

काकांच्या गोठ्यात काल रात्री डॉक्टर येऊन गेले.